दाजींचा कान

आमचे दाजी कोणावरही विश्वास ठेवत नाहीत. घराला कुलूप लावलं की ओढून बघतात, जिन्यापर्यंत गेले की परत येऊन पुन्हा ओढतात, आणि बसमध्ये बसल्यावर माझ्या बहिणीला विचारतात, "मी ओढून बघितलं ना गं?" हॉटेलात गेले तर भिंतीला पाठ लावूनच बसणार. कोणी त्यांचं कौतुक केलं तर घरी येईपर्यंत त्यांच्या मनात एकच विचार: याला माझ्याकडून काय हवं असेल? पहिल्यांदा आमच्या घरी आले होते तेव्हा मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. मी माझ्या कपातला घोट घेईपर्यंत त्यांनी आपल्या कपाला हात लावला नाही. मी तेव्हाच ताईला म्हटलं होतं, "हे स्थळ आहे की फौजदार?"

ताईने त्यांच्याशीच लग्न केलं. पुढे मीही त्यांच्याच ऑफिसात लागले. पार्सलं पोचवणारी कंपनी आहे आमची, आणि आम्ही दोघं तक्रार विभागात. कामाच्या पहिल्या दिवशी मी दारातूनच सवयीने हाक मारली, "दाजी!" तेव्हापासून वॉचमनपासून साहेबापर्यंत सगळं ऑफिस त्यांना दाजी म्हणतं. एवढ्या माणसांचे ते एकदम दाजी झाले, याबद्दल त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दाजींना वाचता येत नाही.

म्हणजे अक्षरं येतात. एकेकटं भेटलं तर प्रत्येक अक्षर त्यांच्या ओळखीचं आहे. पण तीच ओळीत उभी राहिली की ढकलाढकली करतात, जागा बदलतात, आणि दाजी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला. मी ढीगभर तक्रारी उपसून मोकळी होते तेवढ्या वेळात त्यांची एक वाचून होते, आणि तिच्यातही कोणाचं पार्सल कोणाकडे गेलं याची खात्री नसते. शाळेत मास्तरांनी मठ्ठ ठरवलं, कान पिळून बाकावर उभं केलं. वर्गातला एक मित्र मोठ्याने घोकायचा, ते ऐकून ऐकून हे पास झाले. पुढे त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, तोच त्रास निघाला. तिच्या शाळेतल्या बाईंनी ताईला नीट समजावून सांगितलं, की याला नाव आहे, हा आळस नाही आणि मठ्ठपणा तर नाहीच. ताईने घरी येऊन दाजींना सगळं सांगितलं. दाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आपल्याला मार कशासाठी बसत होता, ते त्यांना बाप झाल्यावर कळलं.

पण सांगायचं मात्र कोणाला नाही. घरच्यांखेरीज कोणाला म्हणजे कोणालाच नाही. कागद पुढे आला की चष्मा नाकावर, कागद हातभर लांब, मान हलते, मधेच "हं" म्हणतात, बरोबर वेळेला पान उलटतात. हे नाटक इतकं बेमालूम की मला ठाऊक असूनही मी फसते. त्यांच्या संशयाचं मूळ इथेच आहे असं माझं मत आहे. समोरचा माणूस नुसता वेळ विचारायला आला तरी त्यांना वाटतं, हा आपल्याला पकडायला आलाय.

पूर्वी तक्रारी फोनवर यायच्या तेव्हा दाजी विभागाचे राजे होते. माणूस ओरडत फोन करायचा आणि हसत ठेवायचा. एका बाईंचं भिंतीवरचं घड्याळ फुटून पोचलं होतं. दाजींनी विचारलं, "काटे कुठे थांबलेत तेवढं सांगा, म्हणजे आमच्या कोणत्या गाडीत आपटलं ते शोधतो." बाई इतक्या खूश झाल्या की घड्याळाचं राहिलंच. मग कंपनीने फोन काढून टाकले. तक्रार लिहूनच करायची, उत्तर लिहूनच द्यायचं. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. लिहिणं त्यांना जमे, कारण उत्तरं ठरलेली असतात, बटण दाबलं की येतात. पण कोणतं उत्तर द्यायचं ते कळायला आधी तक्रार वाचावी लागते.

तेव्हा भाची धावून आली. एका रविवारी तिने वडिलांचा ऑफिसचा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकून दिलं. वरच्या कोपऱ्यात कानाचं चित्र. त्यावर क्लिक केलं की एका बाईचा आवाज पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. दाजींनी अर्थातच आधी मला पडद्यापाशी बसवलं आणि मजकूर ताडून बघायला लावला. "सगळं वाचते ना ही? की मधलं गाळते?" नाही गाळत, अशी खात्री पटल्यावर त्यांनी तिला ऑफिसात नेलं. ताई म्हणायची, "पोटच्या पोरीने मला सवत आणली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचंच ऐकतात, माझं एक अक्षर ऐकत नाहीत."

भिंतीकडच्या कानात इअरफोन, वायर कॉलरखाली. ऑफिसला वाटे दाजी जुनी गाणी ऐकतात. दाजींनी तसं वाटू दिलं, इतकंच नाही, अधूनमधून टेबलावर बोटांनी ठेकाही धरायचे. पार्सलमधून एका पायाचेच बूट आल्याची तक्रार ऐकताना डोळे मिटून ठेका धरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग एका सोमवारी कान गायब झाला.

मी ऑफिसात शिरले तेव्हा आधीच गदारोळ माजला होता. साऱ्यांच्याच ब्राउझरमधली एक्स्टेन्शनं बंद झाली होती. कोणाचं जाहिराती अडवणारं गेलं होतं, त्याच्या पडद्यावर चपलांच्या जाहिराती नाचत होत्या. कोणाचं शुद्धलेखन सुधारणारं गेलं होतं, त्याने तक्रारदारांची क्षमा मागताना केलेल्या चुका सगळा विभाग मोठ्याने वाचत होता. दाजींच्या शेजारी बसणारी मुलगी पडदा काळा करून काम करायची, ती आता डोळे बारीक करून पांढऱ्या उजेडाकडे बघत होती. खुद्द आमच्या विभागाच्या मॅडमचंही काहीतरी गेलं होतं, पण त्या वरिष्ठ असल्यामुळे त्यांना चिडता येत नव्हतं. जिथे तिथे एकच करडा चौकोन: हे तुमच्या संस्थेने बंद केले आहे, प्रशासकाशी संपर्क साधा.

आमचा प्रशासक म्हणजे पॅसेजच्या टोकाला काचेच्या खोलीत बसणारा कॉम्प्युटरवाला. त्याला आम्ही द्वारपाल म्हणतो. काहीही मागा, "धोरण आहे" हे त्याचं उत्तर. माउस चालत नाही म्हणून गेलात तरी आधी तो तुमच्याकडे असा बघतो, की माउस तुम्हीच मारला असावा.

"आमच्या कामाला काही किंमत आहे की नाही?" चपलांच्या जाहिरातीवाला ओरडला. "आम्ही काय चोर आहोत?"

"कोणीतरी आहे म्हणे," काळ्या पडद्याची मुलगी हळूच म्हणाली. "कोणाच्या तरी एक्स्टेन्शनमधून लोकांचे पत्ते, नंबर, सगळं बाहेर जात होतं. द्वारपालाला सापडलंय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

दाजी चहाच्या यंत्रापाशी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चेहरा पिठासारखा. ओठ न हलवता म्हणाले, "हे माझ्यासाठीच आहे."

"दाजी, साऱ्या ऑफिसचं बंद झालंय. तुमच्या एकट्यासाठी एवढा खटाटोप कोण करेल?"

"म्हणूनच साऱ्यांचं केलं. माझ्या एकट्याचं केलं असतं तर मला कळलं असतं."

मी कप उचलून जागेवर गेले.

दुपारी द्वारपालाची मेल आली. कोणाला खरीच गरज असेल त्याने सवलतीचा अर्ज भरावा. तो अर्ज मी उघडला आणि मलाच घाम फुटला. बारीक टाइप, गच्च पानं, कलमं आणि पोटकलमं. एक्स्टेन्शनचं नाव, कारण, आजार असल्यास डॉक्टरचा दाखला, विभागप्रमुखांची सही. तरी बाकी सगळ्यांनी भरला. चपलावाल्याने कारणाच्या जागी "मनःशांती" असं लिहिलं. सगळ्यांना एकाच वाक्यात नकार आला.

"तुमचं कारण खरं आहे," मी दाजींना म्हटलं. "तुम्हाला नाही म्हणता येणार नाही त्याला. मी भरून देते. तुम्ही नुसती सही करा."

"अर्ज हाच सापळा आहे," दाजी म्हणाले. "कोणात काय कमी आहे ते आपल्या हाताने लिहून घ्यायचं, आणि मग माणसं कमी करायला घ्यायची."

हे मात्र मला अगदीच वेडेपणाचं वाटलं नाही. माणसं कमी करण्याची कुजबुज होतीच. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आमची नावं असतात, जो जास्त तक्रारी निकालात काढतो तो वर. दाजींचं नाव कायम वरच्या बाजूला असायचं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते घरंगळत तळाला गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तळालाच राहिलं. मॅडम त्या पडद्यासमोर थांबल्या, मग वळून दाजींकडे बघत राहिल्या. दाजींना ते फार लागलं.

मग संशयाचं भूत असं काही मोकाट सुटलं की विचारू नका. शेजारच्या मुलीने गोळी देऊ केली तर ती त्यांना बोलतं करायला. वॉचमनने "आज गाणी नाहीत का?" विचारलं तर तो द्वारपालाचा माणूस. शेवटी पाळी माझ्यावर आली.

"तू कोणाला काही बोललीस का?"

"मी? दाजी, मी?"

"नाही, तू बोलतेस खूप, म्हणून विचारलं."

मी जी भडकले! इतकी वर्षं ज्याचं गुपित पदरात बांधून फिरले, त्याने मला हे विचारावं? मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण दुपारनंतर बघितलं, तर हा माणूस पडद्याला नाक लावून बसलेला, एका ओळीवर बोट, ओठ हलताहेत, कपाळावरून घाम ओघळतोय. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी ऑफिसातल्या ऑफिसात बोलायला ठेवलेला इंटरकॉम उचलला आणि त्यांच्या टेबलाचा नंबर दाबला. "वरून पहिली तक्रार. ऐका," म्हटलं, आणि माझ्या पडद्यावर त्यांची यादी उघडून हलक्या आवाजात वाचायला लागले.

असं आमचं सुरू झालं. दोन टेबलांचं तर अंतर. मी तोंडावर हात धरून कुजबुजायची, ते तिकडे माना डोलवायचे. कोणी जवळ आलं की मी एकदम "बरं, ताईला सांगते" म्हणून फोन ठेवायची. दाजींचं नाव तळापासून जरा वर सरकलं, माझं मात्र खाली आलं. आणि ऑफिसात शंकेची पाल चुकचुकली. साली आणि दाजी दिवसभर फोनवर काय कुजबुजतात? कोणाला काय वाटलं ते मला समजत होतं, चपलावाला तर मला बघून शीळ घालायचा. घालू दे. ताईला सांगितलं तर ती हसून हसून लोळली असती. पण मॅडम हसत नव्हत्या. एकदा मी फोन ठेवला आणि वर बघितलं, तर त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या.

"काय वाचत होता?" त्यांनी विचारलं.

"कुठे काय? काही नाही," मी म्हटलं. आणि माझं मलाच ते इतकं खोटं ऐकू आलं की मी लाल झाले.

हे फार दिवस चालणार नव्हतं. म्हणून मी स्वतःच द्वारपालाकडे गेले. दाजींना सांगितलं नाही. त्यांचं नाव घ्यायचं नाही, नुसती चाचपणी करायची असं ठरवलं होतं. काचेचं दार ढकललं. त्याने आधी आपला पडदा माझ्यापासून वळवला.

"समजा," मी म्हटलं, "एखाद्याला वाचून दाखवणारं एक्स्टेन्शन लागत असेल, तर?"

त्याची बोटं की-बोर्डवर थांबली. "वाचून दाखवणारं? कोणाला लागतं?"

"असंच. समजा."

"कानाचं चित्र असलेलं?"

मी चित्राचं काही बोलले नव्हते. "माझ्यासाठीच विचारतेय," मी ठोकून दिलं.

"तुमच्या मशीनवर तसलं काही नव्हतं," तो शांतपणे म्हणाला. "ज्याच्यावर होतं ते मला ठाऊक आहे. तुमचा त्याच्याशी काय संबंध?"

मी दार ढकलून बाहेर पडले. म्हणजे दाजी खरं बोलत होते. माझ्या डोळ्यांदेखत इतकी वर्षं भलभलत्या गोष्टींवर संशय घेणारा हा माणूस नेमका याच वेळी बरोबर होता. सगळं त्यांच्यावरूनच सुरू झालं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि जे घडलं ते सांगितलं. ताई म्हणाली, "अहो, सांगून टाका ना. पोरगी सांगते की कॉलेजात सगळ्यांना. तिचं काय अडलं?"

"तिला कोणी कान पिळून बाकावर उभं केलं नाही," दाजी म्हणाले. "नोकरी गेली तर दुसरीकडे हमाली करेन. पण त्या लोकांसमोर हे बोलणार नाही." मी निघाले तेव्हा ते माझ्यामागे दाराला कडी लावून ती ओढून बघत होते, ते मला बाहेर ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही बोलावणं आलं. खोली वरच्या मजल्यावरची, पडदे ओढलेले. टेबलापलीकडे मॅडम आणि द्वारपाल, मधे एक उपडा ठेवलेला कागदांचा जुडगा. दाजींनी भिंतीला पाठ लावता येईल अशी खुर्ची शोधली, पण ती मॅडमनी घेतली होती.

"तुमच्या मशीनवर एक एक्स्टेन्शन होतं," द्वारपाल म्हणाला. "कानाचं."

"मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही," दाजी म्हणाले.

"तुम्ही ते रोज वापरत होता."

"नाही."

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"मी असलं काही बघितलेलंच नाही." दाजींनी सपशेल कानांवर हात ठेवले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं.

"हे बघा दाजी," मॅडम म्हणाल्या, "आम्हाला सगळं कळलेलं आहे. तुम्ही इतके जुने आहात, मला वाईट वाटतंय. पण तुम्ही आपणहून कबूल केलंत तर बाहेर वाच्यता न होता मिटेल."

"काय कळलंय?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे."

दाजींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, त्यांचं न वाचणंच यांना कळलंय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मग मॅडम माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही फोनवरून वाचून देत होता, हेही माहीत आहे. लोक विश्वासाने आपले पत्ते देतात आपल्याला." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना दाजी वाचता न येणारे वाटतच नव्हते. यांना दाजी चोर वाटत होते. पत्ते, नंबर बाहेर पाठवणारा तो कोणीतरी म्हणजे दाजी, आणि मी त्यांची साथीदार. खरी गोष्ट एका वाक्यात सांगता आली असती. आणि ते वाक्य माझं नव्हतं.

द्वारपालाने जुडगा सुलटा करून दाजींपुढे सरकवला. "यात सगळं लिहिलंय. वाचा आणि सही करा."

दाजींनी चष्मा काढला, पुसला, नाकावर ठेवला. कागद हातभर लांब धरला. मान हलायला लागली. "हं," म्हणाले. पान उलटलं, अगदी बरोबर वेळेला. दुसऱ्या पानावरही "हं." माझ्या बाजूने मला नुसती कागदाची पाठ दिसत होती. मॅडमनी पेन पुढे केलं. दाजींनी ते घेतलं. सही करून हे संपवायचं, बाहेर वाच्यता नाही, एवढंच त्यांना ऐकू आलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, दाजी, हे ते नाही!

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

दाजींनी मॅडमकडे बघितलं. मग द्वारपालाकडे. मग कागदाकडे. मग माझ्याकडे, आणि ती नजर मी ओळखत होते: आपण कुलूप ओढून बघितलं का, असं विचारणारी. माझ्यावरही त्यांचा भरवसा दिसत नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मोठ्याने वाचून दाखवा," ते म्हणाले.

"आत्ता वाचलंत ना तुम्ही?" मॅडम म्हणाल्या.

"नाही वाचलं. नुसतं धरलं होतं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला असं वाचता येत नाही. लहानपणापासून येत नाही. न ऐकता मी सही करणार नाही."

द्वारपालाला वाटलं असणार, ही नवीन युक्ती आहे. त्याने कागद ओढून घेतला आणि त्याच्या त्या सपाट आवाजात वाचायला लागला. "मी, खाली सही करणारा, असे कबूल करतो की..." दाजी मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होते, टेबलाशी बसून ऐकायचे तसेच. फक्त बोटांचा ठेका नव्हता. "कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींचा संपूर्ण मजकूर माझ्या मशीनवरून बाहेर जात होता, आणि तो मी त्रयस्थ व्यक्तीस..."

"थांबा." दाजींनी डोळे उघडले. "कोणाला?"

"तेच तुम्ही सांगायचं आहे," द्वारपाल म्हणाला. "पानंच्या पानं जात होती बाहेर. दिवसभर, एकही तक्रार न सोडता. कोण वाचत होतं ते सगळं?"

"मी," दाजी म्हणाले. "मीच वाचत होतो."

आणि ते रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मीही रडले, आणि चिडलेही, त्या दोघांवर, दाजींवर, त्या कान पिळणाऱ्या मास्तरांवर, कोण हाताला लागेल त्याच्यावर. रडत रडतच मी सगळं सांगून टाकलं, मास्तर, भाची, इंटरकॉम, काही ठेवलं नाही.

द्वारपालाने मात्र माझ्या रडण्यावर विश्वास ठेवला नाही. त्याने आपला लॅपटॉप पुढे ओढला, कसलीशी टिचकी मारून कान चालू केला, आणि एक तक्रार उघडली. बाईचा आवाज खोलीभर घुमला. इतकी वर्षं कॉलरखाली लपून राहिलेली ती बाई सगळ्यांदेखत सांगत होती, की माझी गादी भिजून पोचली असून ती मी गच्चीवर वाळत घातली आहे, आता ती उडून शेजाऱ्याकडे गेली आहे, याला जबाबदार कोण? द्वारपाल दुसऱ्या पडद्यावर बघत होता. मजकूर बाहेर जात होता आणि तिथून आवाज होऊन परत येत होता. चोरी म्हणून त्याला सापडलं होतं ते हेच.

"म्हणजे ती गाणी नव्हती?" मॅडमनी विचारलं.

"नाही," दाजी म्हणाले.

"मग तुम्ही अर्ज का नाही केलात?" द्वारपाल म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज माणसासारखा आला. "मी तुमच्यासाठी सोय केली असती. आवाज मशीनमध्येच तयार करणारंही मिळतं, बाहेर काही जात नाही. नुसता अर्ज वाचला असतात तरी—"

तो मधेच थांबला. मॅडमनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. त्याने जुडगा उचलला, उभा फाडला, मग आडवा फाडला आणि तुकडे टोपलीत टाकले. सोमवारपर्यंत नवीन कान बसवून देतो म्हणाला. मॅडम उठल्या, दाजींच्या खुर्चीपाशी आल्या आणि त्यांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. दाजींनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग ते पाणी पिऊन टाकलं. आधी कोणी प्यायलं नव्हतं.

आम्ही जिना उतरायला लागलो. माझं अंग हलकं झालं होतं. ताईला फोन करावा, भाचीला सांगावं, असं काय काय मनात येत होतं. दाजी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. मधल्या वळणावर ते थांबले.

"त्याने फाडला तो तोच कागद होता ना गं?"

"तोच होता, दाजी."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांसमोर फाडला. तुमच्याही."

"ते झालं. पण तू वाचलास का?"

एवढ्या वेळात त्या कागदाची मी फक्त पाठ बघितली होती. अक्षरं मला येतात, चष्माही लागत नाही, आणि मी त्यातली एक ओळ वाचली नव्हती.

दाजी कठडा सोडून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी त्यांना तिथेच थांबायला सांगितलं आणि ते तुकडे आणायला परत वर गेले.